काळूरामचा बोर्ड कोणी जाळला

या अंकाच्या संपादकांनी फोन करून सांगितलं, "काका, तुमच्या दुकानातल्या गमतीजमती लिहा. लोकांना आवडतात." मी म्हटलं, गमती देतो, पण त्यांच्या मागून एक गोष्ट येईल, ती गमतीची नाही. ती गाळणार असाल तर गमतीही नकोत. ते म्हणाले, "सगळं पाठवा." म्हणून हे सगळं.

मी मूळचा मुरबाडकडचा. शहापूरच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत एकेचाळीस वर्षं दुकान चालवलं. आधी रेडिओ, मग टेप, मग टीव्ही. टीव्ही जाड होते तोवर माझं बरं चाललं. ते पातळ झाले तेव्हा लोक दुरुस्तीला आणेनासे झाले, सरळ नवीन घ्यायला लागले. माझ्या वयाच्या बहुतेकांनी त्या काळात दुकानं आवरली. मी टिकून राहिलो, कारण माझी मुलगी सुजाता कल्याणला एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करते, तिने एकदा दिवाळीला येताना एक वस्तू आणून माझ्या हातावर ठेवली. पत्त्याच्या पानाएवढी हिरवी पट्टी, तिच्यावर चारदोन खाचा. "बाबा, हा अख्खा कॉम्प्युटर आहे," ती म्हणाली. मी उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, "आणि बघायचं कशात?" ती म्हणाली, "तेच तर तुमचं काम."

ते माझं काम झालं. पुढची बारा-तेरा वर्षं मी तेच केलं.

काम काय ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. लॅपटॉप बिघडतो तेव्हा त्याचं पॅनेल, म्हणजे चित्र दिसतं ती काच, बहुतेक वेळा चांगली असते. टीव्हीचंही तेच. लोक ती भंगारात घालतात. मी ती घेऊन ठेवायचो. पण नुसतं पॅनेल म्हणजे मुका प्राणी. कुठला ठिपका किती उजळायचा एवढंच त्याला कळतं, तेही त्याच्या स्वतःच्या भाषेत, केसांएवढ्या बारीक तारांच्या पट्टीतून. आणि तो छोटा कॉम्प्युटर बोलतो वेगळी भाषा, जाड केबलमधून. दोघांच्या मध्ये एक दुभाषी बसवावा लागतो. त्याला आम्ही ड्रायव्हर कार्ड म्हणतो. पॅनेलच्या पाठीवरचा नंबर बघायचा, त्या नंबरचा प्रोग्रॅम या कार्डात भरायचा, पट्टी सुलट बसवायची, आणि शेवटी जंपर. जंपर म्हणजे तांदळाच्या दोन दाण्यांएवढी काळी टोपी. कार्डावर बारीक खिळ्यांची रांग असते. टोपी एका जागी बसवली तर पॅनेलला तीन व्होल्ट मिळतात, दुसऱ्या जागी पाच, तिसऱ्या जागी बारा. लॅपटॉपच्या पॅनेलला तीन लागतात, कॉम्प्युटरच्या मॉनिटरला साधारण पाच, मोठ्या टीव्हीला बारा. बस, एवढंच शास्त्र. ही टोपी लक्षात ठेवा.

अशी जोडलेली पॅनेलं मी शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत पुष्कळ लावली. दवाखान्यात नंबर दाखवायला, भाताच्या गिरणीत वजन दाखवायला, शाळेत, हॉटेलात.

मुरबाडला स्टँडजवळ एक मिसळवाले होते. त्यांना भिंतीवर पदार्थांची यादी हवी होती. मी जुन्या मॉनिटरचं पॅनेल लावलं, पण केबल तोकडी पडली म्हणून पॅनेल उलटं टांगलं आणि चित्र आतून फिरवून सुलट केलं. बाहेरून कोणाला काही कळलं नसतं. पण वीज जाऊन आली की हा कॉम्प्युटर सुरू होताना पहिली काही सेकंदं चित्र उलटं दिसायचं. आणि मुरबाडला वीज किती वेळा जाते ते मी सांगायला नको. गिऱ्हाइकं मान वाकडी करून मिसळ शोधायची. मी दुरुस्त करायला गेलो तर मालक म्हणाले, "नको नको, राहू दे. लोक ते बघायला थांबतात आणि थांबले की बसतात."

किन्हवलीच्या रस्त्यावर एका देवळात आरत्या पडद्यावर दाखवायचं काम केलं होतं. उद्घाटनाला मीही उभा होतो. पहिली आरती जोरात झाली, दुसरी झाली, तिसरीच्या मधोमध पडदा काळा झाला. पहिल्या दोन आरत्या सगळ्यांना पाठ, पुढे मात्र सगळे पडद्याच्या भरवशावर. टाळ चालू आणि तोंडं बंद. झालं होतं असं, की दहा मिनिटं कोणी माउसला हात लावला नाही तर हा कॉम्प्युटर झोपतो. ती झोप बंद करायला मी विसरलो होतो. पुजारीबुवा हुशार. त्यांनी ओळखलं, आणि पुढची सगळी आरती त्यांनी उजव्या हाताने ओवाळत आणि डाव्या हाताने माउस हलवत पार पाडली. नंतर मला म्हणाले, "वसंतराव, देवाला जागं ठेवायचं काम आमचं. तुम्ही फक्त यंत्राला जागं ठेवा."

अशा चुका मी कधी लपवल्या नाहीत. उलट चारचौघांत सांगून हसलो. चूक हसण्यासारखी असली की कबूल करायला जड जात नाही. मी माणूस सरळ आहे असं लोक म्हणायचे ते या हसण्याच्या चुकांवरून. मीही तसंच धरून चाललो होतो.

आता ती गोष्ट.

शेणव्याच्या पुढे डोंगराच्या अंगाला एक गाव आहे. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्यांना कळेल, आणि बाकीच्यांना गरज नाही. काळूरामचं नाव मात्र त्याच्याच सांगण्यावरून लिहितो आहे.

काळूराम गावाचं पाणी सोडायचा. गावाचे तीन भाग: वरचा पाडा, मधली आळी आणि खालची वाडी. टाकी एक, समाजमंदिराला लागून. तिच्या पायथ्याशी फिरवून उघडायचे तीन वॉल, प्रत्येक भागाच्या पाइपला एक. उन्हाळ्यात टाकी निम्मीच भरायची, तेव्हा कोणाला किती वेळ पाणी यावरून रोज भांडण. काळूराम स्वतः वरच्या पाड्यातला, त्यामुळे बाकी दोन्हीकडचे म्हणायचे की हा आपल्या लोकांना जास्त सोडतो. तेव्हाच्या सरपंचबाईंनी माझं दवाखान्यातलं काम बघितलं होतं. त्यांनी विचारलं, "पाणी कुठं चालू आहे आणि किती वेळ, ते बोर्डावर दिसेल असं करता येईल का?"

करता येण्यासारखं होतं. लॅपटॉपचं पॅनेल, तो छोटा कॉम्प्युटर आणि तीन बटणं. काळूरामने वॉल उघडला की त्या भागाचं बटण दाबायचं, बंद केला की पुन्हा दाबायचं. समाजमंदिराच्या खिडकीत बोर्ड दिसणार: मधली आळी, सुरू सहा दहा, बंद सहा पन्नास. या कॉम्प्युटरला स्वतःचं घड्याळ नसतं, वीज गेली की वेळ विसरतो, म्हणून मी सेलवर चालणारं छोटं घड्याळही आत बसवलं. पुढच्या भागाचं बटण दाबलं की बोर्डावरची आधीची वेळ पुसली जाणार, पण रोजची सगळी नोंद नखाएवढ्या मेमरी कार्डात जमा होत राहणार होती.

मापं घ्यायला गेलो तेव्हा काळूराम वॉलशेजारी उकिडवा बसून माझ्याकडे बघत होता. अंगाने सुका, पन्नाशीचा, डोक्याला टॉवेल. मग त्याने विचारलं.

"भाऊ, ह्याच्यात माजं काय चुकलं तं दिसंल?"

"दिसेल."

"आन नाय चुकलं तं?"

"तेही दिसेल."

"मंग लावा."

माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांत इतकं स्वच्छ समजून घेऊन काम सांगणारा दुसरा माणूस मला भेटला नाही.

काम मे महिन्यात केलं. त्यासाठी मागवलेलं ड्रायव्हर कार्ड पार्सलने वेळेवर आलं नाही, आणि सरपंचबाईंनी तारीख ठरवली होती. माझ्या टेबलावर एक कार्ड होतं. त्याच्यावर मी आदल्याच दिवशी मुरबाडच्या एका दुकानाचं मॉनिटरचं पॅनेल तपासलं होतं. तेच उचललं. प्रोग्रॅम बदलला, पट्टी बसवली, चालू केलं, चित्र आलं. आमच्या धंद्यात चित्र आलं की माणूस पुढचं बघत नाही. टोपी पाचावर राहिली.

तीनाच्या पॅनेलला पाच दिले तर ते लगेच मरत नाही. बारा दिले तर तिथल्या तिथे धूर निघतो, चूक पदरात पडते. पाच दिले तर चालतं, छान चालतं, फक्त आतून तापत राहतं.

माझी एक सवय होती. कुठलंही पॅनेल लावलं की दहा मिनिटांनी त्याच्या पाठीवर तळहात ठेवायचा. गरम लागलं तर काम परत उघडायचं. त्या दिवशीही ठेवला. खालची कड गरम लागली, नेहमीपेक्षा जास्त. मी मनात म्हटलं, मे महिना आहे, दुकानावरचा पत्राही गरम आहे. आणि शेणव्याची जीप चुकली असती. पॅनेलपुढे ॲक्रिलिकची काच बसवली, कडा सिलिकॉनने बुजवल्या, आणि घेऊन गेलो.

बोर्ड सतरा दिवस चालला. त्या सतरा दिवसांत गावात पाण्यावरून भांडण झालं नाही, हे मला नंतर कळलं. अठराव्या दिवशी सकाळी पॅनेल पांढरंफटक पडलं.

सरपंचबाईंचा फोन आला, मी गेलो. समाजमंदिरात पंचवीस-तीस माणसं जमली होती. काळूराम पुढेच उभा. त्यानेच सांगितलं, "सकाळी धूळ बसली व्हती म्हनून ओल्या फडक्यानं पुसला. मंग थोड्या टायमानं पांढरा झाला."

मी मागचं झाकण उघडलं. पहिली नजर टोपीवर गेली. पाचावर.

कोणी बघत नव्हतं असं नाही. सगळे बघत होते. पण काय बघायचं ते माझ्या एकट्यालाच कळत होतं.

मधल्या आळीच्या कोणीतरी मागून विचारलं, "पानी गेलं का आत?"

मी म्हटलं, "तसंच दिसतंय."

एवढे दोनच शब्द. पाणी आत जाणं शक्यच नव्हतं. कडा मीच बुजवल्या होत्या. काळूराम माझ्याकडे बघत म्हणाला, "भाऊ, मी फडका पिळून घेतला व्हता."

मी स्क्रू पिशवीत टाकत राहिलो.

त्याचं ते वाक्य मी नऊ वर्षं बरोबर घेऊन फिरलो. त्याने आरडाओरडा केला असता, शिवी दिली असती, तर मी कधीतरी विसरलो असतो. त्याने मला फक्त माहिती दिली. मी तंत्राचा माणूस, मला ती उपयोगी पडेल असं त्याला वाटलं.

मी "सगळंच गेलं" म्हणून सामान परत आणलं. तेही खोटं. पॅनेल गेलं होतं, कॉम्प्युटरला काही झालं नव्हतं. पण तो चालू केला असता तर दुसरं पॅनेल लावावं लागलं असतं, आणि पहिलं कशाने गेलं हे कोणीतरी विचारलं असतं. दुकानातल्या टेबलाच्या खालच्या खणात सगळं ठेवलं आणि खणाला कुलूप लावलं.

गावात माझे दोन शब्द चालत राहिले. पाणी लागून जळला, मग काळूरामने पाणी लावून जाळला, मग मुद्दाम जाळला, कारण बोर्डावर त्याची चोरी दिसत होती. पावसाळा सुरू व्हायच्या आत त्याच्याकडून वॉलच्या चाव्या काढून घेतल्या आणि दुसऱ्याला दिल्या. मला हे सांगितलं ते तिकडच्याच एका गिऱ्हाइकाने, पंखा दुरुस्तीला आणला तेव्हा. "वसंतकाका, तुमचा बोर्ड ज्यानं जाळला ना, त्याला काढला बरं का." माझ्या बाजूने बोलतोय अशा थाटात सांगितलं. मी त्याचा पंखा त्या दिवशी फुकट करून दिला. का, ते त्याला कळलं नाही.

गप्प का राहिलो, हे मला पुष्कळदा विचारता आलं असतं, पण मी ते स्वतःला विचारत नव्हतो. आता विचारतो तेव्हा उत्तर साधं आहे. वसंतने हात लावला की चालतं, असं माझं नाव होतं आणि ते मला आवडायचं. देवळातला पडदा झोपला, मिसळवाल्याचा उलटा झाला, याने ते नाव जात नव्हतं. पण टोपी चुकीच्या जागी ठेवणं ही शिकाऊ माणसाची चूक. आणि पहिल्या दिवशी जे दोन शब्दांत परत घेता आलं असतं, त्याला महिन्याने दहा वाक्यं लागली असती, वर्षाने आणखी. मी ते लांबवत गेलो.

एकदा शहापूरच्या बाजारात बियाण्याच्या दुकानासमोर उभा होतो. पलीकडून कोणीतरी हाक मारली, "ए बोर्डजाळ्या." आणि काळूराम वळला. रागाने नाही. आपल्या नावाने हाक आली की माणूस वळतो तसा वळला, हात वर केला आणि हाक मारणाऱ्याकडे गेला. मी दुकानाच्या आत सरकलो आणि मला नको असलेलं भेंडीचं बी घेऊन बाहेर पडलो.

यंदा फेब्रुवारीत मी दुकान बंद केलं. माझं वय बहात्तर, डोळ्यांना बारीक खिळे दिसेनासे झाले. आवराआवरीला माझी पत्नी सुमन आली होती. तिने त्या खणाची किल्ली मागितली. मी म्हटलं, हरवली. ती म्हणाली, "तुमच्या गळ्यातल्या जानव्यासारखी ती कंबरेला असते, आणि हरवली कशी?" मी काढून दिली.

खणातून ते सगळं निघालं. मी टेबलाशी बसलो आणि त्या छोट्या कॉम्प्युटरला एक चांगलं पॅनेल जोडलं. टोपी तीन वेळा तपासली. वीज दिली. मिनिटभराने पडद्यावर अक्षरं आली: वरचा पाडा, मधली आळी, खालची वाडी. घड्याळाचा सेल कधीच संपला होता, पण मेमरी कार्डात सतराही दिवसांच्या नोंदी जशाच्या तशा होत्या.

त्या मी आधी कधी वाचल्याच नव्हत्या. आता वाचल्या. मधली आळी चाळीस मिनिटं, खालची वाडी चाळीस, वरचा पाडा पस्तीस. दुसऱ्या दिवशी चाळीस, चाळीस, पस्तीस. एक दिवस टाकी कमी होती तेव्हा तीस, तीस, वीस. सतरा दिवस असंच. काळूरामने आपल्याच पाड्याला कमी पाणी सोडलं होतं, आपल्यावर बोट नको म्हणून. आणि त्याचा पुरावा नऊ वर्षं माझ्या खणात होता.

सुमनला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "जेवून जाणार की तसेच?"

जेवून गेलो. शेणव्यापर्यंत जीप, पुढे चालत. काळूराम शेतात राबासाठी पातेरा पसरत होता, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायची तिथे वाळका पाला. माझ्याकडे बघून ओळखलं आणि हातातलं खाली ठेवलं. घरी नेलं. सून चंद्रा हिने पाणी आणलं आणि चुलीकडे गेली.

मी सांगितलं. टोपीपासून सगळं. ऐकताना तो काडीने जमिनीवर रेघा काढत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "ही टोपी केवढी असते?"

मी खिशातून काढून त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने ती उजेडाकडे धरली.

"एवढीच?"

"एवढीच."

"मला वाटला, काय मोठं जळलं आसंल." टोपी परत दिली. "पन भाऊ, मला कशाला सांगताव? मी नाय जाळला ते मला पयल्यापासून म्हाईत हाय. ज्यांना म्हाईत नाय त्यांना सांगा."

आतून चंद्रा म्हणाली, "मामा, आंदी त्यांना च्या तरी घेऊ द्या."

"घेऊ दे की. रिकाम्या पोटी सभेत बोलता यायचं नाय."

मी चहा घेतला. चंद्रा दाराशी उभी राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी ह्या घरात आले तवा आळीतल्या बायांनी मला पयल्याच दिवशी सांगितलं, बोर्डजाळ्याची सून आली म्हनून. मला वाटायचं ते ह्यांचं आडनाव हाय."

काळूराम हसला. मला हसता आलं नाही.

पुढच्या ग्रामसभेला गेलो. नवं पॅनेल, नवं कार्ड, आणि तोच जुना छोटा कॉम्प्युटर. घड्याळात नवा सेल घातला. टोपी तीनवर बसवून वर गोंदाचा थेंब सोडला होता, ती आता हलणार नाही. आताच्या सरपंचांनी मला पाच मिनिटं दिली. मी उभा राहिलो आणि सांगितलं की नऊ वर्षांपूर्वीचा बोर्ड काळूरामने जाळला नाही. माझ्या चुकीने जळला, मला त्याच दिवशी कळलं होतं आणि मी खोटं बोललो. मग बोर्ड चालू करून सतरा दिवसांच्या नोंदी दाखवल्या. शाळेच्या बाईंनी त्या मोठ्याने वाचल्या.

मधल्या आळीच्या बायजाबाई, काळूरामला काढायला सगळ्यांत जास्त जोर लावला होता तो त्यांनीच. त्या पुढे सरकून बसल्या. "म्हंजे वरच्या पाड्याला आमच्यापरीस कमी व्हतं?"

"हो."

काळूराम मागून म्हणाला, "घरचे मला शिव्या घालत व्हते त्या टायमाला. तुमी बाहेरून, ते आतून."

लोक हसले. बायजाबाई हसल्या नाहीत. काळूरामकडे वळून म्हणाल्या, "आमी चुकलो रे दादा." मग माझ्याकडे बघून, "आन तुमी आक्षरं शिकलेलं मानूस. दोन शबुद बोलायला तुमाला नऊ वर्सं लागली?"

मी म्हटलं, "लागली."

भिंतीशी टेकून बसलेल्यांतून कोणीतरी बोललं, "मंग आता बोर्डजाळ्या कोन?"

मी म्हटलं, "मी."

काळूराम उठला. कोपऱ्यातल्या बादलीत फडका बुडवला, सगळ्यांना दिसेल असा दोन्ही हातांनी पिळला, आणि चालू बोर्डाची काच एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पुसली. वरून खाली, मग आडवी. सावकाश. अक्षरं जागची हलली नाहीत. त्याने फडका खिडकीत वाळत घातला आणि जागेवर जाऊन बसला.

सरपंचांनी त्याला वॉलच्या चाव्या परत घे म्हणून विचारलं. तो नको म्हणाला. त्याचे गुडघे दुखतात, आणि आताचा पाणी सोडणारा माणूस चांगला आहे. बोर्ड मात्र तिथेच ठेवून आलो. रोज चालू असतो. महिन्यातून एकदा मी जातो आणि मागे तळहात ठेवून बघतो. गार असतो. काळूरामच्या घरी चहा होतो. मागच्या खेपेला त्याने नाचणी बांधून दिली. मी घेतली. नाही म्हणायचा अधिकार मला नाही, असं सुमनचं मत आहे.

गेल्या आठवड्यात मुरबाडच्या स्टँडवर कल्याणच्या गाडीसाठी उभा होतो. जीपच्या रांगेतून त्या गावची दोन-तीन माणसं चालली होती. त्यांतल्या एकाने मोठ्याने हाक मारली, "ओ बोर्डजाळे!"

मी वळलो आणि हात वर केला.